मेजरला फिरवण्याचं शास्त्र

शनिवार, ४ मे. सकाळी ६.१०
बायको, दिशा, बहिणीकडे दिंडोशीला गेली. संध्याकाळपर्यंत भांडुपच्या या वन बीएचकेत मी आणि मेजर. मेजर म्हणजे आमचा कुत्रा, तीन वर्षांचा, आडदांड. जाताना दिशा म्हणाली, जमेल ना रे तुला? मी नुसता हसलो. ऑफिसात अकरा माणसं सांभाळतो. कुत्रा काय चीज आहे.
संकल्प: ६.३० वॉक. ८ ते १० बासरी. मग जलरंग. दुपारी झोप नाही.

६.५०
मेजर मला ओढत नाहीये. माझा स्पीड वाढवतोय.
कुत्र्यांच्या ट्रेनिंगच्या व्हिडिओत सांगितलंय, पट्टा सैल ठेवा, कुत्र्याचा विश्वास वाढतो. दोन भोकं सैल केला. फरक लगेच जाणवला.

६.५८
साखळी हातात आहे. पट्टाही आहे. मेजर नाही.

७.४०
मार्केट पाहिलं, नाला पाहिला, चार गाड्यांखाली वाकून पाहिलं. वॉचमन लवू म्हणाला, साहेब, तो तुमच्या समोरूनच पळाला, मी हाका मारत होतो, तुम्ही मोबाईलमध्ये काहीतरी लिहीत होता.
दिशाला कळवलं नाही. उगाच तिचा दिवस कशाला खराब करा. एकाच गाडीखाली तिसऱ्यांदा वाकलो. ऊन फार आहे.

९.१५
घरी. कुत्र्याचे कान तिखट असतात. दार सताड उघडं टाकून बासरी सुरू केली, म्हणजे रियाजही होईल आणि तोही येईल. समोरच्या रत्नप्रभामावशी आल्या. चंदू, कुकरची शिटी बदलून घे, म्हणाल्या.

१०.२०
'हरवला आहे'चं पोस्टर. फोटो होता, पण फोटोत जीव नसतो. जलरंगात काढला, लिफ्टजवळ लावला. तिसऱ्या मजल्यावरच्या नितेशने बराच वेळ बघून विचारलं, काका, म्हैस कोणाची?
काळाच्या पुढे असलेल्या कलेचं असंच होतं.

११.००
वाटीत दूध-पोळी काढून दाराशी बसलोय. लॉरी गेली की उठून खिडकीतून पाहतो. मेजर, यार, ये ना.

११.४५
आला. नाक्यावर मासे विकणारी कमळ घेऊन आली, नायलॉनच्या दोरीला बांधून. म्हणाली, "भाऊ, रोज दिशाताईंबरोबर येतो, माशाचं एक डोकं खातो, गुमान घरी जातो. आज एकटाच आला आणि हलेचना. घरात काय झालं का?"
मी सांगितलं, त्याला स्वावलंबन शिकवतोय.
ती म्हणाली, "बरं."
ती गेल्यावर जमिनीवर बसून मेजरच्या गळ्यात पडलो. त्याच्या अंगाला माशांचा वास येत होता. तरी बराच वेळ तसाच बसलो. डोळ्यांत पाणी होतं, जलरंग गेला असावा.

दुपारी ४.३०
दोघंही झोपलो होतो. विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग.

संध्याकाळी ७.३०
दिशा आली. दिवस झकास गेला, असं सांगितलं. तिने पिशवी ओट्यावर ठेवली. नाक्यावरून मासे घेऊन आली होती.

रविवार, ५ मे. सकाळी ६.३०
आज पुन्हा मीच फिरवणार, असं जाहीर केलं. दिशा म्हणाली, "चल की. पण साखळी मी धरते. तू माझा हात धर."
धरला. रस्ता क्रॉस होईपर्यंतच.