रडून झालेला माणूस

१२ एप्रिल १८२६, कोव्ह बंदर, आयर्लंड
एकदाचे जहाजावर चढलो. खाली पोटात आमच्या वाट्याला एक रुंद फळी आली आहे: भिंतीकडे माझा नवरा कॉर्मॅक, मध्ये लेक एथना, कडेला मी. कॉर्मॅक म्हणतो, राजवाडाच मिळालाय, फक्त त्यात उभं राहायचं नाही. बटाट्यांचं पोतं उशाशी, ओटच्या भाकऱ्या पायाशी. एथना पाच वर्षांची. तिला वाटतं, समुद्रापलीकडचं क्यूबेक पुढच्या वळणावर आहे. समोरच्या फळीवर पेगमावशी आहेत, तोंडाळ पण मनानं चांगल्या.

निघायच्या आदल्या रात्री घरी सगळ्यांनी आमचं रडून घेतलं. तिकडे गेलेला परत येत नाही, तेव्हा त्याची प्रेतरात्र जिवंतपणीच जागवायची. सासूबाईंनी कॉर्मॅकचं नाव घेऊन असा हेल काढला की तो स्वतःच डोळे पुसायला लागला. मग माझं नाव. एथनाचं नाही घेतलं. लहान लेकराचा हेल काढत नाहीत. गाव आपल्यासाठी एवढं रडतंय हे बघून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

१९ एप्रिल
समुद्र शांत. वर डेकवर मोजून एक चूल आणि तिच्याभोवती आमचा अख्खा कॉर्क परगणा भांडत असतो. कॉर्मॅक माझं भांडं पुढे सरकवतो आणि बायकांच्या शिव्या खातो. कोपऱ्यातल्या फळीवर कुणाला तरी ताप आहे.

२८ एप्रिल
कॉर्मॅक गेला. तापानं. खलाशांनी शिडाच्या कापडात गुंडाळून लगेच पाण्यात सोडला. कप्तान म्हणाला, तापाचं प्रेत ठेवता येत नाही.

मी बायकांना म्हटलं, माझ्याबरोबर रडायला बसा. पेगमावशी हळूच म्हणाल्या, पोरी, त्याचं रडून झालंय गं, सगळं गाव रडलंय. एका माणसासाठी दोनदा रडू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही ऐकलं. रडले नाही.

३० एप्रिल
एथना म्हणते, बाबा परत आलाय.
भिंतीकडची जागा ओली आहे. पेगमावशी म्हणतात, जहाज गळतंय. गळत असेल.

२ मे
वादळ. डेकवर जायच्या झडपा वरून ठोकून बंद केल्यात. दिव्याला मनाई. एका फटीतून उजेड येतो, तेवढ्यात लिहिते.
एथनाला कडेला निजवलं, मध्ये मी. जाग आली तर ती भिंतीकडे. पाठ गारठलेली. म्हणाली, बाबानं ओढलं, त्याला थंडी वाजते.
तो मेलाय हे त्याला कुणी सांगितलंच नाही. पेगमावशींना म्हटलं, आता तरी रडा. त्यांनी कूस बदलली.

तारीख कळत नाही
एथनाला ताप. झडप बडवून हात सोलले. वर कुणी ऐकत नाही.

पुन्हा
शेवटी मीच हेल काढला. एकटीनं. त्याचं नाव घेऊन म्हटलं, तू मेलास रे, आता जा. — तो ऐकत होता. पाणी ठिबकायचं थांबलं.
गेला. बहुतेक —

नाही गेला. भिंतीकडून रडणं येतंय. त्याचाच आवाज. सासूबाईंसारखा हेल — सगळ्यांना ऐकू जातंय.
माझं नाव नाही घेत तो —

पेगमावशींनी सूर धरला. मग बाकीच्याही. सांगतेय, गप्प बसा, ती जिवंत आहे, माझ्या मांडीवर आहे, हा बघा श्वास, एथना, बाळा, डोळे उघड आणि यांना सां—