चाळिसाव्या शब्दानंतर

प्रिय आई,

अक्षर बघून हसू नकोस. जाड पेनाने लिहितेय, पानावर जेमतेम आठ ओळी मावतायत आणि पाकीट चांगलं गलेलठ्ठ होणार आहे. तरी शेवटपर्यंत वाच आणि स्वतः वाच, बाबांना मध्ये घेऊ नकोस.

आधी बातमी. तिसऱ्या वर्षाची असिस्टंटशिप मला मिळाली! म्हणजे पुन्हा फी माफ, दरमहा खर्चापुरता पगार आणि बदल्यात पहिल्या वर्षाच्या चोवीस मुलांना भाषाविज्ञानाचा सराव द्यायचा, त्यांचे पेपर तपासायचे. मामाच्या मते शिकणाऱ्यालाच पगार म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. त्याला म्हणावं, एकदा चोवीस पेपर तपासून बघ, मग बोल. अट जुनीच आहे: सत्र चालू असताना वर्ग सोडून गेलं की जागा गेली. ही अट मी तुला पहिल्याच वर्षी सांगून बसले, तिथेच चुकलं. तेव्हापासून फोनवर तुझं एकच पालुपद, इकडे सगळं ठीक आहे, तू वर्ग सोडू नकोस.

पण शिकवते मी झकास, हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. आमच्या विभागप्रमुख बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या, जाताना म्हणाल्या, ही रीत कुठून उचललीस? आता त्यांना काय सांगू, आपल्या घरच्या पुढच्या खोलीतल्या शिलाईच्या क्लासमधून! नवीन मुलगी आली की तू तिला आठवडाभर दोराच देत नव्हतीस. रिकाम्या मशीनवर कागद शिवायला लावायचीस आणि डिझाइनचं नाव काढलं की म्हणायचीस, आधी हात सरळ चालू दे, मग अक्कल चालव. मीही मुलांना पहिले पंधरा दिवस नुसतं ऐकायला लावते. अनोळखी भाषा ऐकायची आणि जो आवाज येईल तो चिन्हांत उतरवायचा. अर्थ शोधायचा नाही, काही गाळायचं नाही, रेकॉर्डिंग संपेपर्यंत हात थांबवायचा नाही. सुरुवातीला कुरकुरतात, मग असे तयार होतात की मलाच धडकी भरते.

इथल्या मुलांना मराठीचा गंध नाही, म्हणून तर तुझ्याकडून ते चाळीस शब्द फोनवर रेकॉर्ड करून मागवले होते. प्रत्येक शब्द तीनदा. पाणी पाणी पाणी, दार दार दार. तू इतकी ठसठशीत बोललीस की मला वर्गासमोर मिरवावंसं वाटलं. फक्त प्रत्येक शब्दाआधी बाबांची कुजबुज ऐकू येत होती. मी म्हटलं, झालं, यांची लुडबुड इथेही! यादी तर मी मुद्दाम मोठ्या टाइपात पाठवली होती.

सरावाच्या आदल्या दिवशी मी ती कुजबुज कापत बसले. चाळीस ठिकाणी कात्री लावली आणि चाळिसाव्या शब्दानंतर हुश्श करून काम बंद केलं. पुढे आणखी अर्धा मिनिट आहे हे मी बघितलंच नाही. तुझ्या क्लासमध्ये असा हलगर्जीपणा केला असता तर बोटावर पट्टी बसली असती. वर्गात मी हेडफोन वाटले आणि खिडकीपाशी उभी राहून चहा प्यायले. माझ्या शहाण्या मुलांनी शिकवल्याप्रमाणे शेवटपर्यंत ऐकलं आणि सगळं लिहिलं.

मंगळवारी दुपारी पेपर तपासायला घेतले. पहिल्या पेपरात चाळिसाव्या शब्दाखाली चार ओळी जास्तीच्या दिसल्या. वाटलं, पोरगं भरकटलं. दुसऱ्यात त्याच चार ओळी. तिसऱ्यात मी त्या तोंडाने उच्चारून बघितल्या आणि खोलीत तुझा आवाज आला, बाबांशी बोलणारा: तुम्ही कानात सांगितलंत म्हणून म्हणता आलं हो, मला तर नुसता पांढरा कागद दिसतोय. काचबिंदूचं तिला कळवू नका. वर्ग सोडून पळत येईल. ऑपरेशन तिचं शिक्षण झाल्यावर बघू. चोवीस जणांनी हे लिहिलंय, आई, आणि त्यांतल्या एकालाही त्यातलं अक्षर कळलेलं नाही. एका मुलीने तर मध्ये समासात टीप दिलीय, इथे बोलणाऱ्या बाईंचा श्वास अडखळतो. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.

तेव्हा बाबांवर चिडू नकोस, त्यांनी तोंड उघडलेलं नाही. तूच सांगितलंस. आता माझं ऐक. तिसऱ्या वर्षाच्या कागदावर मी सही केलीय, जागा कुठे जात नाही. येत्या अठराला माझा या सत्रातला शेवटचा वर्ग आहे, एकोणीसला मी निघतेय आणि उरलेले पेपर घरी बसून तपासायची परवानगी बाईंनी हसत दिलीय. मागायचं धाडस तेवढं हवं होतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे मी इथल्या डॉक्टरांना विचारून आलेय, म्हणून शिक्षण झाल्यावर वगैरे काही नाही. बाबांना आजच दवाखान्यात पाठव आणि ऑपरेशनला वीस तारखेनंतरचा पहिला दिवस घे. फोनवर तू पुन्हा सगळं ठीक आहे म्हणाली असतीस, म्हणून हे पत्र. आणि हे तुला एकटीला वाचता आलं नसेल, बाबांना हाक मारावी लागली असेल, तर आजच का, ते मी आणखी सांगायला नको.

तुझीच,
टकळी