हेरॉन्स सावरतील

२८ मार्च. स्टॅनमोर. सकाळी ७.१०
बेसबॉलचा सीझन सुरू झाला. यंदा ओहायोच्या हेरॉन्स टीमचा पद्धतशीर अभ्यास करणार. आर्या ओहायोत नोकरीला आहे, पण त्याचा इथे काही संबंध नाही. पोरगी लांब गेली म्हणून कासावीस होणाऱ्या बापांपैकी मी नाही. आमचे फोन सुटसुटीत असतात. जेवलीस का, थंडी आहे का, आईला देतो. चाळीस सेकंद. बत्तीस वर्षं भूलतज्ज्ञ होतो, जास्त बोलायची सवय नाही.
निवृत्त माणसाला छंद हवा, इतकंच. भाकीत: हेरॉन्स पहिले येणार.

२९ मार्च, रविवार
हेरॉन्स हरले. आर्याला फोन केला, फक्त स्कोअर कळवायला. तिने घाबरून विचारलं, आई बरी आहे ना? सहा मिनिटं बोललो.

२ एप्रिल
पाचपैकी पाच हरले. अर्ली डेज. सुचेताने लेकीसाठी मेतकूट आणि गोडा मसाला पॅक केला, पत्ता लिहिला. पार्सल टाकायला पोस्टात मी गेलो. काउंटरवरच्या बाईला हेरॉन्सच्या बॉलिंगमधला दोष समजावून सांगितला. रांगेतल्या लोकांना धीर नव्हता.

५ एप्रिल. संध्याकाळ
मिनेसोटाचे बॅजर्स, ज्यांना काल-परवापर्यंत कुत्रं विचारत नव्हतं, ते आठपैकी आठ जिंकलेत. शुद्ध फ्लूक. असल्या टीम एप्रिलमध्येच उड्या मारतात, हे आर्याला अकरा मिनिटं समजावलं. ती मध्येच नवीन फ्लॅट, नवीन बॉस असं काहीतरी सांगत होती. म्हटलं, आधी हे ऐक.

९ एप्रिल
हेरॉन्सच्या कोचला ईमेल केला. ऑफ स्टंपबाहेरचे बॉल सोडायला शिकवा. चार सेकंदांत उत्तर आलं की माझा फीडबॅक त्यांच्यासाठी मोलाचा आहे. म्हणजे चक्रं फिरली.

१२ एप्रिल
चौदापैकी बारा हरले.
माझा विश्वास विज्ञानावर आहे. पण प्रयोग करून बघायला हरकत नाही. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण वाटीभर पाण्यात ठेवला. हेरॉन्स पहिल्या नंबरावर आले की बाहेर काढणार. सुचेताने विचारलं, हे काय? चिंचेने घासायचाय, म्हणालो.

१३ एप्रिल
सीझनमध्ये एकशे बासष्ट मॅच असतात, असं आर्याकडून कळलं. सप्टेंबर संपेपर्यंत चालतं म्हणे. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.
वाटीतलं पाणी बदललं.

१९ एप्रिल
लागोपाठ दोन जिंकले! ईमेल लागू पडला. आर्याशी चोवीस मिनिटं. हल्ली स्कोअर तीच आधी सांगते. मुलगी तयार झाली. बॅजर्स अजून पहिलेच आहेत. त्यांची हवा मे महिन्यात जाईल, असं तिला लिहून द्यायला तयार आहे म्हटलं. ती नुसती हसली.

२२ एप्रिल
पुन्हा तीन हरले. तरी निर्णय पक्का. जूनमध्ये ओहायोला जायचं, आर्याबरोबर मॅच बघायची. स्टेडियममधल्या दोन सीट बुक केल्या. सरप्राइज देणार. कुणालाही सांगायचं नाही.

२६ एप्रिल, रविवार
सांगून टाकलं.
 ती म्हणाली, बाबा, मी फेब्रुवारीपासून मिनेसोटात आहे. लाइन खराब आहे असं मला वाटलं. नव्हती.
जॉब बदलल्याचं तिने फेब्रुवारीत मलाच सांगितलं होतं. मला आठवतंय. गुड, गुड, आईला देतो, असं मी म्हणालो होतो.
मग महिनाभर हे बोलली का नाहीस, असं जरा चिडूनच विचारलं. तर म्हणाली, तू एवढा वेळ माझ्याशी कधी बोललाच नव्हतास, मला वाटलं सांगितलं तर बंद करशील. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नाही. माझा फोन यायच्या आधी हेरॉन्सचा स्कोअर शोधून ठेवायची.
जॅकेटच्या खिशात पोस्टाची पावती सापडली. मिनेसोटा. ठळक अक्षरात. त्या रांगेत मी वीस मिनिटं उभा होतो.
सुचेताला म्हटलं, तू तरी बोलायचंस. ती म्हणाली, अहो, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही तर रोज बोलता.

२७ एप्रिल
बेसबॉल बंद. बाळकृष्ण पाण्यातून काढला, पुसला, जागेवर ठेवला. हेरॉन्स काल जिंकले. कुणाला सांगणार?
संध्याकाळी आर्याचा फोन आला. दोन मिनिटं बोलून सुचेता म्हणाली, थांब, बाबांना देते. आता स्कोअर सांगायचा नव्हता. काहीच नव्हतं. जेवलीस का, विचारलं. हो, म्हणाली.  
मग विचारलं, काय जेवलीस?
मेतकूट-भात, म्हणाली.