कुलूप आणि खिळ्यावरची वायर

अकोला, शुक्रवार, १५ सप्टेंबर २००६

आज लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

अचलपूरचे रफीकभाई तीन दिवसांपूर्वी माझ्या दुकानात आवाज भरायचा-ऐकायचा छोटा प्लेअर ठेवून गेले होते. त्यात त्यांच्या वारलेल्या वडिलांनी म्हटलेली कव्वाली आहे. प्लेअर बनवणाऱ्या कंपनीनं आत घातलेलं कुलूप असं, की आवाज त्याच यंत्रात वाजणार, दुसरीकडे उतरणार नाही. आणि यंत्र तर आता मरायला टेकलेलं.

तीन दिवस संगणकावर झटलो. हरलो. आज ते आले, तर परदेशात कुठलंसं सरकार कंपन्यांना असली कुलपं उघडायला लावणार, ही कापून ठेवलेली बातमी वाचून दाखवली. आपल्याकडे कधी होणार असं?

ऐकून ते म्हणाले, "भाऊ, कानात तर आयकू येते ना? मंग तिथूनच टेपमंदी काहून नाही भरत? पहिले तुमीच तर भरून देत होते."

जठारपेठेत वीस वर्षं कॅसेटी भरल्या मी. इअरफोनच्या भोकातून टेपमध्ये आवाज नेणारी वायर समोरच्या खिळ्यावर होती. स्वतःच सगळं शिकलो म्हणून मिरवतो, आणि हे...

वायर जोडली. एकवीस मिनिटं. मध्ये वडिलांचा खोकला आला. संपल्यावर विचारलं, काढू का?

"राहू द्या जी. खोकल्याबिगर अब्बा ओयखू येत नाहीत."

कायदा येईल तेव्हा येवो. आज रफीकभाई आले, हे माझं नशीब.

भरणं चालू असताना ते श्वास रोखून बसले होते. त्या वायरीतून खोलीतला आवाज जात नाही, हे मी सांगितलं नाही. मीही तसाच बसलो.