बटन दाबल्यावर बसणारी पिकअप

५ जानेवारी, सोमवार
नवीन वर्षाचे ठराव. चार दिवस उशीर, कारण वही आज मिळाली.
एक, राग बंद. दहापर्यंत मोजायचं, मगच तोंड उघडायचं.
दोन, पंचवीस तारखेला चर्चच्या सणाला रोवेनाला विचारायचं.
तीन, पप्पांची पिकअप लो करायची.
तिसऱ्याशिवाय दुसरं अशक्य. मासळीच्या पिकअपमधून उडी मारून उतरणाऱ्या पोराकडे कोण बघतं? पण चर्चच्या फाटकासमोर गाडी थांबली, मी बटन दाबलं आणि गाडी फुस्स करत आपोआप जमिनीला टेकली, तर? अख्ख्या पाचूबंदरात अशी गाडी नाही.

६ जानेवारी
पप्पांना समजावलं. मागचे लोखंडी पाटे काढायचे, त्या जागी रबरी एअर बॅगा. कॉम्प्रेसरने हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. पप्पा म्हणाले, त्या बॅगा तर ॲक्सिडेंट झाल्यावर फुगतात, तू आधीच कशाला फुगवतोस? मग म्हणाले, सॅमी, बी.कॉम.चं दुसरं वरीस अर्धं टाकलंस ते पूरं कर, गाडी हाय तशी बरी हाय.
दहापर्यंत मोजायला घेतलं. चारवर असताना कप फुटला. कप जुनाच होता.
कॉलेज मी टाकलेलं नाही. सरांशी चर्चा झाली, चर्चेत खुर्ची पडली, इतकंच.

९ जानेवारी
बॅगांच्या पैशांसाठी माझी बाईक विकली. पप्पा त्यावर काहीच बोलले नाहीत. होकार समजलो.

१२ जानेवारी
गाडी चिंचोटीला जॉयलच्या गॅरेजमध्ये. जॉयल आपल्याच चर्चच्या कॉयरमध्ये गातो, तीन वर्षं रोवेनाच्या शेजारी उभा असतो. म्हणजे आतली माहिती फुकट. त्याला सगळा प्लॅन सांगितला. त्याने पाना खाली ठेवला. म्हणाला, सॅमी, तुला एक सांगायचंय. मी म्हटलं, आधी काम. या मेकॅनिक लोकांना गप्पा फार.

१७ जानेवारी
मिळाली! बटन दाबलं, बसली. दाबलं, उठली. अकरा वेळा केलं. डोळ्यांत पाणी आलं, हायवेची धूळ.
जॉयलचं म्हणणं होतं कॉम्प्रेसर सीटखाली बसवू. मी मागे हौद्याखाली बसवून घेतला. रोवेना शेजारी बसणार, तिच्या पायाखाली घरघर नको. तिथे मासळीच्या बर्फाचं खारं पानी गळेल, असं तो तीनदा म्हणाला. चारपर्यंत मोजलं आणि त्याला गप्प केलं. प्रगती आहे.

१९ जानेवारी
रोवेनाच्या दारात ट्रायल. ती नव्हती. तिची आजी, तेरेसाबाय, पायरीवर. गुडघे गेलेत, पण गाडी बसताना बघून टाळी वाजवली. म्हणाली, परत बसव. सहा वेळा बसवली. घरच्यांना पटवणं अर्धं झालं.

२१ जानेवारी
अपमान. गाडी खाली बसते हे बंदरावर कोळणींना कळलंय. पाटी चढवायला आता हात वर करावे लागत नाहीत. जिजामावशी सगळ्यांसमोर गाडीला म्हणाली, बस गो बाय बस, आनि उठू नको मी सांगेपर्यंत. गाडीला! स्पोर्ट्स लूकची किंमत नाही. पप्पा मात्र आज हसत होते. त्यांची गिऱ्हाइकं वाढलीत.

२५ जानेवारी, रविवार. सण.
फाटकासमोर बरोब्बर थांबलो. रोवेना निळ्या ड्रेसमध्ये. बटन दाबलं. फुस्स.
वास आला.
कॉम्प्रेसर हवा हौद्याखालूनच घेतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आठ दिवसांचे बोंबील टाकीत दाबून ठेवल्यासारखी हवा सगळी एकदम बाहेर. फादरनी रुमाल काढला. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं.
पण रोवेना हसली! माझ्याकडे बघून, पोट धरून. सुरुवात झाली म्हणायची. जॉयल तिच्या कानात काहीतरी सांगत होता, बहुधा टेक्निकल बाजू.
विचारायचं राहून गेलं. वाऱ्याची दिशा चुकली.

२ फेब्रुवारी
स्वतः घरी आली! रोवेना! म्हणाली, पंधरा तारखेला तुझी गाडी मोकळी आहे का? आजी कुठल्याच गाडीत चढत नाही, तुझी एकटी खाली बसते. तिला हॉलवर घेऊन ये. आणि सॅमी, जरा नीट कपडे घालून ये हां, सगळे पाहुणे असणार.
कशासाठी ते मी विचारलं नाही. पंधरा म्हणजे चौदाचा दुसरा दिवस, यात सगळं आलं. पाहुण्यांसमोर ओळख करून देणार.

६ फेब्रुवारी
जॉयल परत म्हणाला, एक सांगायचंय. मी म्हटलं, पंधरानंतर सांग. तो म्हणाला, पंधरानंतर सांगून काय उपयोग? बिझी दिसतोय. कॉम्प्रेसर एकदा दाखवून जा म्हणाला. मला वेळ नाही, शर्ट शिवायला टाकलाय.

१४ फेब्रुवारी
कॉम्प्रेसरच्या तोंडाशी अर्धी बाटली सेंट मारलं. आता बटन दाबलं की गुलाब.
पप्पा म्हणाले, पोरा, कार्ड वाचलंस का रे, फ्रिजवर लावलंय. म्हटलं, मला कार्ड कशाला? आज दहापर्यंत मोजता आलं. राग गेला, असं जाहीर करतो.

१५ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
तेरेसाबायला आणलं. हॉलच्या फाटकात गाडी बसवली. सेंट आणि बोंबील एकत्र आले. कमानीवर फुलांनी लिहिलं होतं, जॉयल आणि रोवेना. साखरपुडा.
दहापर्यंत मोजलं.
मग गाडी बाजूला घ्यायला बटन दाबलं. उठली नाही. खाऱ्या पाण्याने कॉम्प्रेसर खाल्ला. फाटक अडलं, मागे पाहुण्यांच्या गाड्यांचे हॉर्न. मी मोजत होतो, साठ, सत्तर.
तेरेसाबाय उतरलीच नाही. माझ्या शेजारी बसून म्हणाली, अगो बाय, किती गुनाची गाडी, मला सोडून उठायला तयार नाय. मंगळवारी दवाखान्यात न्यायला ये, रिक्षा मला झेपत नाय. आणि पर्समधून एक पेपरमिंट काढून माझ्या हातावर ठेवलं.
जॉयल स्टेजवरून धावत आला. म्हणाला, सॅमी, दोनदा सांगायला बघितलं रे. मी म्हटलं, ते जाऊ दे, कॉम्प्रेसर बघ. जॅक लावून नवरदेव गाडीखाली आडवा झाला. रोवेना वाकून त्याला मोबाईलची टॉर्च दाखवत होती. माझी मोजणी तीनशे बारावर असताना गाडी उठली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी.
खाली शिरताना त्याने अंगातला कोट काढून माझ्याकडे दिला होता. तेवढा वेळ मी तो दोन्ही हातांनी धरून उभा होतो.
चुरगळू दिला नाही.