वन्संचं इन्सुलिन

पुंगोल, सिंगापूर
९ जून २०२४

ती. वन्संना शि. सा. न.

सांगते मी, लिहिते नात इरा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तिला बोला. मला अक्षरओळखच नाही, मी सुटले.

इन्सुलिन डुकराचं असतं म्हणून तुम्ही आठ दिवस बंद ठेवलंय, असं तुमच्या विश्वासने फोनवर सांगितलं. पायाची जखम भरेना आणि सोवळं कसलं सांभाळता? पूर्वी काढायचे म्हणे तसं. आता नाही. इरा कॉलेजात हेच शिकते. ती म्हणते, प्रत्येक जिवाच्या आत त्याची कृती लिहिलेली असते. अक्षरं चारच, शब्द तीन-तीन अक्षरांचे, आणि लिपी जवळजवळ सगळ्यांची एकच: तुमची, माझी, खालच्या हॉकर सेंटरातल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवरच्या, कोंबडीची, कढीपत्त्याची. म्हणून माणसाची इन्सुलिनची कृती जंतूला दिली, की तो ती वाचून तस्सं बनवतो. मी म्हटलं, मेल्याला वाचता येतं आणि मला नाही! तर म्हणाली, आजी, तुझीही पेशी न पेशी वाचते, लाह. हे ‘लाह’ म्हणजे इथलं ‘गं’. अठ्ठ्याहत्तर वर्षं उगाच लाजले.

निशिकांत डॉक्टरांना विचारा आणि सुई सुरू करा. लोभ असावा, त्यासाठी आधी तुम्ही असावं.

तुमची,
सुचित्रा

वाई
२ जुलै २०२४

चि. सुचित्रास अ. आ.

आधी रागावले. डुकराऐवजी जंतू, ही काय सुधारणा? मग दही लावताना माझं मलाच हसू आलं. विरजणातल्या जंतूंना मी कधी सोवळं विचारलंय? डॉक्टर म्हणाले, नात बरोबर सांगते. त्याच दिवशी सुई घेतली. जखम सुकतेय. तुला बोल लावायला आणखी बरीच वर्षं मिळतील, असं दिसतं. चौथी पास असून तुझ्याकडून शिकले, हे गावात सांगू नकोस.

इराला पापा. माया आहेच, ती काय लिहायची?

तुझी,
वन्सं

पुंगोल
१५ जुलै २०२४

ती. वन्संना सा. न.

तुमचं पत्र इराकडून तीनदा वाचून घेतलं. डोळे भरले, पण ते लिहू नको म्हटलं होतं.

हल्ली देवापुढे हात जोडते तेव्हा त्या जंतूलाही आठवते. एवढासा जीव म्हणून आशीर्वादच देत होते. इराने थांबवलं. म्हणाली, जंतू आपल्या कितीतरी आधीचे, आणि लिपी एक, कारण सगळ्यांचं मूळ घरच एक. म्हणजे नात्यातलाच निघाला, तोही वडीलधारा! उद्या सुई घ्याल तेव्हा त्याला माझा पदर घेऊन केलेला नमस्कार सांगावा.

तुमची,
सुचित्रा