दीपा आली का?

३ फेब्रुवारी, सोमवार

फसलो! काल उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी चर्चच्या फाटकातच धरलं. शुक्रवार चौदाची घरसभा तुमच्याकडे आहे, तर प्रीतीवर दहा मिनिटं तुम्हीच बोला म्हणे. मी म्हटलं, साहेब, बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, मले फक्त 'पुढे सरका' बोलता येते. ऐकतात कुठे! हातात चिठ्ठीच ठेवली. ग्रीक भाषेत प्रीतीला चार शब्द आहेत म्हणे. एक रक्ताच्या नात्याची, एक मित्राची, एक नवराबायकोची. आणि चौथी देवासारखी, बदल्यात काही न मागणारी. प्रत्येकीला आपल्या आयुष्यातलं उदाहरण द्यायचं.

संध्याकाळी सहाला सासूनं, आमच्या बुढीनं, विचारलंच — "दीपा आली का बाजारातून?" मी म्हटलं, येते. चहा मांडला.

५ फेब्रुवारी

दीपाला जाऊन जूनमध्ये चार वर्षं होतील. तिच्या दुखण्यात बुढी घाटंजीला आमच्याकडे आली, ती इथंच राहिली. आता त्र्याऐंशीची आहे. पोटची पोरगी गेली हेच तिच्या डोक्यातून पुसलं गेलं. भाजीत मीठ दोनदा टाकते, चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, ते वेगळंच.

पहिलं वर्षभर तर घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मग एक दिवस हा सवाल सुरू झाला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. 'येते' म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून रोज तेच. बरं, तेवढ्यावर सुटका नाही! काय आणायला गेली? वांगे, सांबाराची जुडी. उशीर काहून लागला? मग मी सांगत बसतो, दीपा कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी भाजीवालीशी कशी भांडते, एकदा पिशवी दुकानात ठेवून रिकामी कशी घरी आली. बुढी हसते. मीही हसतो. अर्धा तास जातो.

रोजचं खोटं आहे हे. ख्रिस्ती माणसाला शोभतं का?

७ फेब्रुवारी

नयनचा पुण्याहून फोन. बुढीचा धाकटा. "भाऊजी, तुम्ही फार केलं. रविवारी सोळाला गाडी घेऊन येतो, आईला घेऊन जातो. रोज दीपाला विचारते म्हणता, तिला आता कुठं आहे तेही कळत नाही." मी बरं म्हटलं. गुडघे माझेही दुखतात.

१० फेब्रुवारी

भाषणाची जुळवाजुळव. पहिलीला माझी माय. दुसरीला आमचा ड्रायव्हर धर्मपाल. एकोणीस वर्षं एकाच गाडीवर! तो नाताळला माझ्याकडे जेवतो, मी भीमजयंतीला त्याच्याकडे. तिसरीला दीपा. ती नीट सांगता आली म्हणजे मिळवली.

चौथीला माणूस सापडेना. धर्मपालला फोन केला. म्हणे, "अबे, तूच तर हायेस! बायको गेल्यावर सासूले कोन सांभाळते?" मला पटलं. जरा जास्तच पटलं.

तशी माया-बिया काही नाही. तीस वर्षांत तिला तोंडावर हाकसुद्धा मारली नाही कधी. 'ऐकता का' एवढ्यावर सगळं निभलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घरसभा झाली! बावीस माणसं, अंगणापर्यंत चटया. दीपाचंही कसंबसं निभावून नेलं. चौथीच्या वेळी मात्र चांगलाच रंगलो. बुढीचा रोजचा सवाल सांगितला, माझं 'येते' सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत माझ्या नावानं देवाचे उपकार मानले. छाती फुगली, खोटं काहून लिहू!

बुढी कोपऱ्यात हरभरा सोलत बसली होती. मान वर केली नाही. तिला काय कळणार म्हणा.

आज तिनं विचारलं नाही. माणसं होती म्हणून असेल.

१५ फेब्रुवारी

आजही नाही विचारलं. सहा वाजले, सव्वासहा झाले. मीच मुद्दाम दोनदा समोरून गेलो. चहा निवून गेला.

उद्या जाणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

नयन अकराला आला. पिशव्या मीच भरल्या होत्या, एक उचलून दारापर्यंत गेलोही होतो. नयन कानाशी जाऊन ओरडला, "आई, पुण्याले चाल!"

"हळू बोल. बहिरी नाही मी." मग म्हणे, "मी नाही येत. हा एकटा पडते."

"आई, अगं दीपा तर —"

"दीपा गेली हे मले मालूम नाही काय रे? माती देताना पहिली मूठ म्याच टाकली."

नयननं विचारलं, "मग रोज काहून विचारते?"

ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून बोलली. "सालभर हा मानूस भिंतीकडे तोंड करून जेवला. मले वाटलं, हाही जाते आता. तिचं नाव काढलं का बोलते, चहा पेते, हासते. म्हून विचारत होती. अन् यानं सभेत सगळ्यायले सांगून टाकलं! आता कोन्या तोंडानं विचारू?"

मी पिशवी घेऊन तिथंच उंबऱ्यावर बसलो. बावीस माणसांसमोर चौथी प्रीती म्हणून स्वतःचं नाव सांगितलं होतं मी! लाज वाटली. मग रडलो. नयनसमोर, मोठ्यानं, चार वर्षांचं.

नयन जेवून गेला. एकटाच. जाताना बुढीनं त्याला सोललेला हरभरा बांधून दिला.

१७ फेब्रुवारी

सहा वाजले. ती हरभरा सोलत बसली होती. मग मीच विचारलं — "आई, दीपा आली का?"

आईनं हातातला घाटा खाली ठेवला.

"येते," म्हणाली. "चहा मांड."